दोन्ही बाजूंनी शिव्या पडल्या म्हणजे बातमी निष्पक्ष?

निवडणुकीच्या दिवसांत संपादकांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं: 'दोन्ही बाजूंचे लोक आमच्यावर तुटून पडतात, म्हणजे आम्ही बरोबर मधोमध आहोत.' ऐकायला पटतं, आणि वाचकही मान डोलावतात. मला मात्र या वाक्याचा राग येतो. सामाजिक मानसशास्त्राने ते केव्हाच खिळखिळं केलंय, तरी ते दर निवडणुकीत नव्याने ऐकू येतं. दोन पेशंट डॉक्टरवर चिडले म्हणून निदान बरोबर ठरत नाही.

एक खरं प्रकरण घेऊ. अमेरिकेत 2 नोव्हेंबर 2004 रोजी अध्यक्षपदाची निवडणूक होती. जॉर्ज बुश विरुद्ध जॉन केरी, आणि वादाचा मुख्य मुद्दा इराक युद्ध. मतदानाच्या आठ दिवस आधी, 25 ऑक्टोबरला, 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बातमी दिली की बगदादच्या दक्षिणेला असलेल्या अल काका या कोठारातून सुमारे 380 टन शक्तिशाली स्फोटकं गायब आहेत. त्यात एचएमएक्स होतं, आणि 1993च्या स्फोटांपासून मुंबईकरांना नावानिशी ठाऊक झालेलं आरडीएक्सही होतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने युद्धापूर्वी तिथल्या एचएमएक्सच्या साठ्यावर सील लावलेलं होतं.

केरींनी लगेच हा मुद्दा उचलला: पुरेसं सैन्य नाही, नियोजन नाही, म्हणून साठा लुटला गेला. बुश यांचं उत्तर होतं की वस्तुस्थिती कळण्याआधीच केरी बेछूट आरोप करताहेत. बुशसमर्थकांना ही बातमी म्हणजे मतदानाच्या तोंडावर टाकलेला बॉम्ब वाटली. केरीसमर्थकांची चीड वेगळी होती. इराककडे संहारक अस्त्रं आहेत हे सरकारचे दावे हीच माध्यमं 2002-03 मध्ये जसेच्या तसे छापत होती आणि आता कुठे जागी झाली, असं त्यांचं म्हणणं. शब्द तेच, तारीख तीच, आणि पक्षपाताचा आरोप दोन्हीकडून.

असं का होतं याचा पहिला नीट अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला. रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी तो 1985 मध्ये प्रसिद्ध केला. 1980च्या कार्टर-रेगन निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी मतदारांना फोन करून विचारलं होतं, माध्यमं पक्षपाती वाटतात का? बहुतेकांना तसं वाटत नव्हतं. पण ज्यांना वाटत होतं, त्यांतल्या जवळजवळ 90 टक्के लोकांना तो पक्षपात आपल्याच उमेदवाराच्या विरोधात दिसला.

मग त्यांनी युद्धाच्या बातम्या घेतल्या. 1982 मध्ये लेबनॉनमधल्या बैरुतच्या साब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत हत्याकांड झालं होतं, आणि त्यात इस्रायलची जबाबदारी किती हा वाद होता. त्यावरच्या अमेरिकी टीव्ही बातम्यांचे सहा तुकडे, एकूण 36 मिनिटांचे, इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक विद्यार्थ्यांना दाखवले. अरबसमर्थकांच्या मते इस्रायलबद्दलचे 42 टक्के उल्लेख अनुकूल होते आणि 26 टक्के प्रतिकूल. इस्रायलसमर्थकांच्या मते फक्त 16 टक्के अनुकूल आणि 57 टक्के प्रतिकूल. एकच टेप! शिवाय ज्यांना विषयाची जास्त माहिती होती, त्यांना पक्षपात जास्त दिसला. अडाणीपणामुळे असं होतं, ही समजूत इथेच गळून पडते. एकच बातमी दोन्ही बाजूंना आपल्याच विरोधातली वाटते, या परिणामाला 'हॉस्टाइल मीडिया इफेक्ट' म्हणतात.

आता माझा आवडता भाग. हे नेमकं डोक्यात घडतं कसं? तीन शक्यता होत्या. एक, माणूस आपल्या विरोधातली वाक्यंच लक्षात ठेवतो. दोन, वाक्यं सगळ्यांना सारखीच दिसतात, पण 'आमची बाजू खरी असताना त्यांना जागाच का दिली' असा निकष लावला जातो. तीन, वाक्याची वर्गवारीच बदलते, म्हणजे तटस्थ वाक्यही विरोधी खात्यात जमा होतं. कॅथलीन श्मिट, आल्बर्ट गुंथर आणि सहकाऱ्यांनी जनुकीय बदल केलेल्या अन्नावरचा मजकूर दोन्ही बाजूंच्या कडव्या समर्थकांना देऊन या तिन्ही शक्यता तपासल्या. 2004 मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत टिकली ती तिसरी.

तिचा हिशोब करून पाहा. आकडे मी समजण्यापुरते धरले आहेत. एका बातमीत 20 वाक्यं आहेत: 5 'अ' पक्षाच्या बाजूची, 5 'ब'च्या बाजूची, 10 तटस्थ. प्रत्येक कडवा समर्थक तटस्थ 10 पैकी 6 वाक्यं विरोधी खात्यात टाकतो. मग 'अ'वाल्याला 5 वाक्यं आपली आणि 11 विरोधी दिसतात. 'ब'वाल्यालाही तसंच. दोघेही ओरडतात. इथवर संपादकांचं म्हणणं बरोबर.

आता बातमी मुद्दाम 'अ'कडे झुकवू: 7 वाक्यं 'अ'ची, 3 'ब'ची, 10 तटस्थ. 'ब'वाल्याला 3 विरुद्ध 13 दिसतात, तो संतापतो. आणि 'अ'वाला? त्याच्या खात्यात 7 आपली, विरोधी 3 अधिक 6, म्हणजे 9. बातमी उघडउघड त्याच्या बाजूची असूनही तोही ओरडतोच! म्हणजे दोन्हीकडून तक्रार आली यावरून एवढंच कळतं की बातमीचा कल एका रुंद पट्ट्यात कुठेतरी आहे. ती मधोमध आहे हे त्यावरून कळत नाही. ध्रुवीकरण वाढून 6 ऐवजी 9 तटस्थ वाक्यं विरोधी ठरू लागली, तर हा पट्टा आणखी रुंद होतो आणि तक्रारींतून मिळणारी माहिती आणखी घटते.

गुंथर आणि श्मिट यांना आणखी एक गोष्ट आढळली. तोच मजकूर वर्तमानपत्रातला लेख म्हणून दिला तर विरोधी वाटतो, आणि विद्यार्थ्याचा निबंध म्हणून दिला तर तसा वाटत नाही. हे वाचून बाकीचे लोक फितणार, ही भीती वर्गवारी बिघडवत असावी.

युद्धाबद्दलच्या मतांतही हेच दिसतं. ब्रायन गेन्स, जेम्स कुक्लिन्स्की आणि सहकाऱ्यांनी इराक युद्ध चालू असताना इलिनॉय विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना पुन्हापुन्हा प्रश्न विचारले. मृत सैनिकांचा आकडा वाढत गेला तसा दोन्ही पक्षांच्या समर्थकांनी आपला अंदाजही वाढवला. तथ्य कुणी नाकारलं नाही. पण एका बाजूला तो आकडा 'फार मोठा' वाटत होता आणि दुसऱ्या बाजूच्या कडव्यांना 'फारसा नाही'. संहारक अस्त्रं सापडली नाहीत हेही मान्य झालं. मात्र ती हलवली किंवा नष्ट केली असणार, असं स्पष्टीकरण एका गटाने जोडून घेतलं.

अशा विषयात मेंदूची रंगीत चित्रं पुढे करून दिपवणाऱ्यांपासून जपायला हवं. त्याच 2004च्या निवडणुकीआधी एमरी विद्यापीठात 30 कडव्या समर्थकांच्या मेंदूंची एफएमआरआय (मेंदूतल्या रक्तप्रवाहातले बदल टिपणारी) तपासणी झाली आणि 'पक्षनिष्ठ मेंदू सापडला' अशा थाटात ती गाजली. विचार करताना मेंदूत रक्तप्रवाह बदलतो, हे बटाटेवड्याचा विचार करतानाही खरं आहे. त्यातून कारण हाती लागत नाही. दुरुस्ती सांगितली की लोक चुकीला आणखी घट्ट चिकटतात, हा गाजलेला निष्कर्षही इराकच्या अस्त्रांवरच्या प्रयोगातून आला होता. पुढे थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर 52 विषय तपासले, तेव्हा तो परिणाम जवळजवळ नाहीसा झाला.

मग अल काकाची बातमी पक्षपाती होती का? ते तक्रारी मोजून ठरणार नाही. पुरावा दुसरीकडे होता. सैन्यासोबत गेलेल्या मिनेसोटाच्या एका टीव्ही वाहिनीने 18 एप्रिल 2003 रोजी घेतलेलं चित्रण त्याच आठवड्यात बाहेर आलं. त्यात कोठारावरचं सील आणि आत स्फोटकांची पिंपं दिसत होती. माजी शस्त्र निरीक्षक डेव्हिड के यांनी ते सील ओळखलं. अमेरिकी सैन्य पोहोचलं तेव्हा निदान काही साठा जागेवर होता, एवढं त्यातून कळलं. सगळा होता की नाही, हे कळलं नाही. बातमीच्या वेळेबद्दलची शंका मात्र या पुराव्याने मिटत नाही. 'टाइम्स'सोबत या बातमीवर काम करणाऱ्या सीबीएस या टीव्ही वाहिनीचा बेत ती 31 ऑक्टोबरला, मतदानाच्या दोन दिवस आधी दाखवण्याचा होता. ही तक्रार मजकुराबद्दलची नाही, संपादकीय निर्णयाबद्दलची आहे, आणि तिची तपासणी वेगळी करावी लागते.