एकट्याचं कॅरेक्टर: सोलो बिल्ड आला कुठून

२००५-०६ च्या सुमारास बेळगावच्या सायबर कॅफेत बसणाऱ्या प्रत्येकाला एक आवाज ओळखीचा होता. वीज गेली की यूपीएस बीप-बीप करायला लागायचा आणि पाच-सात मिनिटांत सगळं आवरावं लागायचं. कुणी अर्धवट लिहिलेला मेल पाठवून टाकायचा, कुणी निकालाचं पान प्रिंटला द्यायचा. कोपऱ्यात ऑनलाइन आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, एक कॅरेक्टर घेऊन त्याला वाढवत नेण्याचा खेळ) खेळणाऱ्या मुलाला मात्र काहीच आवरता यायचं नाही. त्याचं कॅरेक्टर गुहेत राक्षसापुढे उभं, आणि त्याच्या भरवशावर दूरदेशीचे चार अनोळखी खेळाडू. एकदा असं झालं की लोक चालवून घेत. दुसऱ्यांदा झालं की पार्टीत, म्हणजे गटात, घेत नसत. माझंही तेच झालं, आणि मी एकट्यानं खेळायला लागलो.

आज भाचरंडं विचारतात, "बेस्ट सोलो बिल्ड कुठला?" सोलो बिल्ड म्हणजे एकट्यानं लढता यावं म्हणून कॅरेक्टरच्या कौशल्यांची आणि सामानाची केलेली जुळवणी. उत्तरात त्यांना एक तयार यादी मिळते: इतकी हेल्थ, हे आर्मर, ही अंगठी, हे पोशन. ती यादी जशीच्या तशी उतरवून घेतात आणि पहिल्याच बॉसपुढे, म्हणजे मोठ्या बलाढ्य राक्षसापुढे, मरतात. यादीतली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी जुन्या अडचणीवरचा तोडगा असते. ती अडचणच ठाऊक नसेल तर तोडगा कुठे लागू पडतो ते कळत नाही. माझं ठाम मत असं की सोलो बिल्ड म्हणजे ताकद नव्हे, हिशोब आहे. आधी कोण संपणार, तू का तो, एवढाच तो हिशोब. तो मांडायला खेळाडू कसे शिकले, त्याची ही पार्श्वभूमी.

मुळात हे खेळ एकट्यासाठी नव्हतेच. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणला. टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा खेळ. त्यात सुरुवातीला तीनच पेशे होते: लढवय्या, जादूगार आणि जखमा बऱ्या करणारा क्लेरिक. तिघांनाही मुद्दाम कुठे ना कुठे लंगडं ठेवलेलं. जादूगाराकडे मोठा मारा, पण अंगात जीव नाही. लढवय्या मार खाऊ शकतो, पण स्वतःला बरं करू शकत नाही. एकाची उणीव दुसऱ्यानं भरून काढावी म्हणूनच तशी रचना होती. हिट पॉइंट (अंगातल्या जिवाचा आकडा, आजची 'हेल्थ') हा शब्द घराघरांत पोचला तो इथूनच. आर्मर क्लास, म्हणजे चिलखताचा आकडा, तेव्हा घाव लागतो की चुकतो एवढंच ठरवायचा, बसलेला घाव हलका करायचा नाही. 'चुकवणं' आणि 'हलकं करणं' यांचे वेगवेगळे आकडे पुढे कॉम्प्युटरवरच्या खेळांनी केले. आजचा निम्मा बिल्ड या दोन आकड्यांवर उभा असतो.

१९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉनं 'मड' लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलनं तो पुढे नेला. नुसत्या अक्षरांचं जग, आणि लढाईत मेलात तर कॅरेक्टर कायमचं पुसलं जायचं. १९८० च्या आसपास अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या युनिक्स यंत्रांवर आलेला 'रोग' तर एकट्यानंच खेळायचा होता. त्या खेळांनी एक साधी गोष्ट शिकवली, जी मी आजही नव्या पोराला सर्वांत आधी सांगतो: मोकळ्या खोलीत लढू नको, बोळात ये. खोलीत पाच जण चारी बाजूंनी मारतात, बोळात एका वेळी एकच समोर येतो. तुझा एकही आकडा न बदलता मार पाचातला एक उरतो.

खरा पेच सुरू झाला तो १९९९ च्या मार्चमध्ये, 'एव्हरक्वेस्ट' आल्यावर. हजारो माणसं एकाच जगात, आणि राक्षस असे बेतलेले की बहुतेक पेशांना आपल्या लेव्हलचा एकसुद्धा एकट्यानं मारणं जड जावं. मेलात तर कमावलेला अनुभव वजा, आणि अंगावरचं सगळं सामान प्रेताबरोबर तिथंच पडून. उघड्या अंगानं पळत जाऊन ते परत आणायचं. टँक (मार अंगावर घेणारा), हीलर (जखमा बऱ्या करणारा) आणि तिसरा या त्रिकुटाला 'होली ट्रिनिटी' म्हणायची पद्धत याच खेळानं रुजवली. तेव्हा तो तिसरा म्हणजे मारा करणारा नव्हता, तर शत्रूंना झोपवून ठेवणारा एन्चांटर होता.

अशा जगातही काही पेशे एकटे जगले, आणि कसे जगले ते बघण्यासारखं आहे. ड्रूइडकडे शत्रूचे पाय जड करणारा मंत्र होता आणि स्वतःचा वेग वाढवणाराही. राक्षसाला मंद करायचं, आपण पळायचं, वळून एक मंत्र टाकायचा, पुन्हा पळायचं. राक्षस मागे लोंबत येतो तो दोरीला बांधलेल्या पतंगासारखा, म्हणून याला 'काइटिंग' म्हणायला लागले. हात बसलेले ड्रूइड आणि विझर्ड चार-चार राक्षस एकत्र ओढत, कारण त्यांचा फेकीचा मंत्र एका वेळी चौघांनाच लागायचा. नेक्रोमॅन्सर शत्रूला हळूहळू झिजवणारं विष लावून भीतीनं पळायला लावी, आणि अगदीच अंगाशी आलं तर मेल्याचं सोंग घेऊन पडून राही. यातल्या कुणाकडेही जाड चिलखत नव्हतं. त्यांनी मार सोसला नाही, मार पोचूच दिला नाही.

आमच्याकडे काइटिंगला वेगळं नाव नव्हतं. कॅफेत मराठी आणि कन्नड पोरं एकाच बाकावर बसायची. कुणाचं कॅरेक्टर अडकलं की मागून "ओडू, ओडू!" असा कन्नडमध्ये आरडाओरडा व्हायचा, म्हणजे पळ. मग तो शब्दच चिकटला. वडगावचा मराठी पोरगासुद्धा दुसऱ्याला सांगायचा, "गा, ह्याला ओडू करून मार, समोर थांबू नको."

पण त्या वेळच्या बेळगावातून काइटिंग जमणं कठीण होतं. कारण पिंग. सर्व्हर युरोपात किंवा अमेरिकेत, तुम्ही टिळकवाडीत. बटण दाबल्यापासून उत्तर यायला पाव ते अर्धा सेकंद सहज जायचा. पडद्यावर राक्षस दहा पावलं मागे दिसायचा आणि सर्व्हरच्या हिशोबात त्यानं तुम्हाला गाठलेलं असायचं. म्हणून इकडची मुलं चपळाईवर चालणाऱ्या बिल्डपेक्षा बसल्या जागी संरक्षण देणाऱ्या बिल्डकडे वळली. ही आवड नव्हती, परिस्थिती होती.

त्या प्रकारातला माझ्या मते सर्वांत सुंदर बिल्ड 'गिल्ड वॉर्स'मधला. हा खेळ २००५ च्या एप्रिलमध्ये आला. एकदा विकत घेतला की महिन्याची वर्गणी नाही, त्यामुळे घरी क्रेडिट कार्ड नसलेल्यांनाही तो परवडण्यासारखा वाटे. त्यात मंक या बरं करणाऱ्या पेशाचा एक मंत्र होता, प्रोटेक्टिव्ह स्पिरिट. तो लावला की कुठल्याही एका घावानं तुमच्या एकूण हेल्थच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त हानी होत नाही. ४८० हेल्थ असेल तर एका घावाला जास्तीत जास्त ४८. कुणीतरी हे उलटं वाचलं: मग हेल्थच कमी केली तर? चिलखतात सुपीरियर रून (मंतरलेलं चिन्ह) बसवला की कौशल्य वाढतं, पण हेल्थ ७५ नं घटते. असे पाच रून म्हणजे ३७५ गेले, उरले १०५. हातात ५० हेल्थ कमी करणारी एक वस्तू धरली की उरले ५५. आता राक्षसानं कितीही जोरानं मारलं तरी घाव ५ चाच! आणि तेवढं तर अंगावर सतत चालू असलेले भरणारे मंत्र परत आणतात. सगळे जण हेल्थ वाढवायच्या मागे असताना या लोकांनी ती नवव्या हिश्श्यापर्यंत खाली आणली आणि भल्याभल्यांना जमत नाही अशा जागी एकटे उभे राहिले.

या बिल्डची मेख कुठे होती तेही सांगायला हवं, कारण शिकण्यासारखं तिथंच आहे. तो मंत्र 'घावा'ला अडवायचा. विषानं किंवा रक्तस्रावानं होणारी झीज हा घाव नव्हे, तिला १० टक्क्यांचा नियम लागत नाही. आणि शत्रूनं अंगावरचा मंत्र उतरवला की ५५ हेल्थवाला पुढच्याच क्षणी मेला. म्हणजे हा बिल्ड सगळीकडे चालत नव्हता, समोर कोण आहे ते बघून चालत होता. 'बेस्ट सोलो बिल्ड' असं काही नसतं, असं मी म्हणतो ते यामुळे.

दुसरा खेळ 'रुनस्केप'. २००१ च्या जानेवारीत केंब्रिजच्या अँड्र्यू गॉवरनं भावांच्या मदतीनं सुरू केलेला. 'जावा' या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालायचा, ब्राउझरमध्ये उघडायचा, काही इन्स्टॉल करावं लागायचं नाही. कॅफेवाले काका कुणालाही काही इन्स्टॉल करू देत नसत, तेव्हा ही फार मोठी सोय होती. त्याच्या सदस्यांसाठीच्या भागात २००५ च्या ऑक्टोबरमध्ये फाइट केव्ह आली. एकट्यानंच आत जायचं, राक्षसांच्या ६२ लाटा मारायच्या आणि ६३ व्या लाटेला एकटा जॅड नावाचा बॉस. खेळाडूची हेल्थ जास्तीत जास्त ९९, आणि जॅडचा घाव ९७ पर्यंत. सोसून निभावण्याचा प्रश्नच नाही. पण तो मारण्याआधी सांगतो. पुढचे पाय वर उचलून मागे रेलला तर जादू येणार, पाय जमिनीवर आपटले तर दुरून मारा. त्या क्षणी योग्य ती संरक्षक प्रार्थना चालू असेल तर ९७ चा घाव शून्य होतो. प्रार्थना चालू ठेवली की तिची शक्ती झिजत जाते, ती प्रेयर पोशनच्या घोटांनी भरायची. चूक झाली तर कित्येक तासांची मेहनत गेली.

इतकं नाजूक असूनही हे बेळगावातून जमायचं, कारण रुनस्केपचं घड्याळ ०.६ सेकंदाच्या टप्प्यांनी चालतं. खेळ प्रत्येक हालचाल त्या टप्प्याला मोजतो. तुमचं बटण पाव सेकंद उशिरा पोचलं तरी बहुधा त्याच टप्प्यात धरलं जातं. संथ लाइनवर खेळणाऱ्याला या संथ घड्याळानं न्याय दिला. मी जॅड मारला तो बऱ्याच वर्षांनी, घरच्या कनेक्शनवर, इन्व्हर्टर लावून. त्या रात्री हात थरथरत होते, ते अजून आठवतं.

२००४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'नं एकट्याला पहिल्यांदा सन्मानानं वागवलं. ६० व्या लेव्हलपर्यंत कुणाच्याही मदतीशिवाय पोचता येत होतं. हंटर आणि वॉरलॉक या पेशांना तर मार खायला स्वतःचा पाळीव प्राणी किंवा भूत मिळालं. शिवाय या खेळाचं आर्मरचं सूत्र खेळाडूंनी उकलून काढलं आणि त्यातून हिशोबाला शिस्त आली. मारणारा ६० व्या लेव्हलचा असेल तर आर्मरला (आर्मर + ५५००) नं भागायचं, तितका हिस्सा मार कमी. ५५०० आर्मर असेल तर निम्मा मार. ११००० केलं तर दोन-तृतीयांश. बघणाऱ्याला वाटतं की पहिल्या ५५०० नं ५० टक्के दिले आणि दुसऱ्या ५५०० नं जेमतेम १७, म्हणजे दुसरं फुकट गेलं. तसं नाही. आर्मर नसताना तुमची जितकी हेल्थ, तिच्या दुप्पट पहिल्या ५५०० नं झाल्यासारखी आणि तिप्पट दुसऱ्यानं. प्रत्येक पायरीला वाढ सारखीच, ७५ टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत. याला 'इफेक्टिव्ह हेल्थ' म्हणतात. अर्थात, हे आर्मर जादूच्या माऱ्याला लागू नाही.

उरलेला अर्धा हिशोब वेळेचा, आणि नवशिके नेमका तोच सोडतात. समजा बॉसची हेल्थ ६०,०००, तुमचा मारा सेकंदाला ५००. म्हणजे लढाई १२० सेकंदांची. आर्मरमधून गाळून येणारा मार सेकंदाला ३०० आणि तुम्ही भरून काढता २२०. घट ८० ची. १२० सेकंदांना ९,६०० हेल्थ लागेल. आता मारा ६०० केला तर लढाई १०० सेकंदांत संपते आणि ८,००० हेल्थ पुरते. तलवार सुधारली आणि चिलखत तेच ठेवलं, तरी जगण्याची शक्यता वाढली. आमच्या आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. ताकद सारखी असली की दम कुणाचा आधी संपतो यावर निकाल लागतो, आणि कुस्ती लांबवायची की लवकर उरकायची हे पैलवान आपला दम ओळखून ठरवतो.

वॉरक्राफ्टमध्येच २००८ साली डेथ नाइट हा नवा पेशा आला. त्याचा डेथ स्ट्राइक हा घाव शत्रूला लागतो तेव्हा डेथ नाइटची हेल्थ भरते. २०१० नंतर ते भरणं नुकत्याच खाल्लेल्या मारावर ठरायला लागलं: जास्त मार खाल्ला असेल तर जास्त भरतं. पंचवीस-चाळीस जणांसाठी बनवलेले जुने बॉस यातून एकेकट्यानं पाडले गेले.

मग खेळ बनवणाऱ्यांनीच एकट्याची दखल घेतली. २०१४ मध्ये रुनस्केपनं आयर्नमॅन प्रकार दिला: कुणाशी देवघेव नाही, सगळं स्वतः मिळवायचं. 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'मध्ये २०१५ साली एकट्यासाठीचा मेलस्ट्रॉम आखाडा आला, 'फायनल फँटसी १४'मध्ये २०१६ साली एकट्यानंही उतरता येणारा २०० मजल्यांचा पॅलेस ऑफ द डेड. २०२३ मध्ये वॉरक्राफ्टनं अधिकृत हार्डकोअर सर्व्हर उघडले, मेलात की संपलं. १९७८ च्या मडचाच तो जुना नियम.

कॅफे आता जवळजवळ उरले नाहीत. २०१८ मध्ये जुन्या धर्तीचं रुनस्केप मोबाइलवर आलं आणि माझा भाचा खानापूर तालुक्यातल्या गावातून ते खेळतो. जांबोटीकडचा पाऊस लागला की वीज जाते, मागोमाग टॉवर. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. जॅडपाशी तिसऱ्यांदा मेला होता.

"मामा, कुठलं आर्मर घालू सांगा की."

मी विचारलं, "६३ व्या लाटेला पोचलास तेव्हा प्रेयर पोशनचे किती घोट उरले होते?"

तो थांबला. "मोजलं नाही."

रविवारी पुन्हा फोन आला तेव्हा त्यानं आर्मरचं नावही काढलं नाही. म्हणाला, "मामा, ह्या वेळी अकरा उरलेत. आता जॅडपुढे जातो. ठेवू?"