ट्रॅकपॅडवरून नाहीसे झालेले उजवे बटण

ज्यांचा हात वर्षानुवर्षे माउसवर बसला आहे, त्यांच्यापुढे ट्रॅकपॅडला, म्हणजे बोट फिरवून कर्सर हलवायच्या सपाट पृष्ठभागाला, वेगळी बटणे नसलेला लॅपटॉप ठेवला की एक प्रश्न हमखास येतो: यात राइट क्लिक कुठून करायचे? या गोंधळात विचारणाऱ्याचा दोष नसतो. त्याची मुळे या दोन उपकरणांच्या घडणीत आहेत.

डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पहिला माउस तयार केला. तो म्हणजे तळाशी काटकोनात दोन चाके बसवलेला लाकडी ठोकळा होता आणि त्याला एकच बटण होते. १९६८ मध्ये एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले तोवर बटणे तीन झाली होती. ॲपलने १९८३ मध्ये ‘लिसा’ संगणकासाठी पुन्हा एकच बटण निवडले, कारण नवख्याला कोणते बटण दाबावे हा प्रश्नच पडू नये अशी त्यामागची भूमिका होती. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी दोन बटणांचा माउस आणला. उजव्या बटणाला खरे महत्त्व आले ते ‘विंडोज ९५’मुळे, फाइल असो वा रिकामा डेस्कटॉप, त्या त्या जागेला लागू पडणारा मेनू उजव्या क्लिकने उघडू लागला आणि लोकांचे रोजचे काम त्यावर अवलंबून राहू लागले.

नेमक्या याच काळात लॅपटॉपवर ट्रॅकपॅड आला. जॉर्ज गेरफाइड यांनी १९८८ मध्ये विकसित केलेल्या टचपॅडमध्ये (हे ट्रॅकपॅडचेच दुसरे नाव) पृष्ठभागाखाली विद्युतवाहक पट्ट्यांची जाळी असते आणि बोट जवळ येताच तिच्या धारकतेत, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत, होणाऱ्या बदलावरून बोटाची जागा ओळखली जाते. ॲपलच्या १९९४ च्या पॉवरबुक ५०० मालिकेने ट्रॅकबॉल (कर्सर हलवण्यासाठी बोटांनी फिरवायचा गोळा) काढून त्या जागी ट्रॅकपॅड बसवला.

माउसवर तळहात हलवण्याचे काम करतो आणि दोन बोटे आपापल्या बटणांवर टेकलेली असतात. ट्रॅकपॅडवर मात्र कर्सर नेणाऱ्या बोटानेच दाबायचेही असते, त्यामुळे दाबताना ते किंचित सरकते आणि कर्सर नेमक्या जागेवरून ढळतो. पॅडखाली स्वतंत्र बटणे होती तोवर अंगठ्याने हे निभावत असे. ऑक्टोबर २००८ च्या मॅकबुकमध्ये काचेचा अख्खा पॅडच बटण झाला. त्याची बिजागरी वरच्या कडेला असल्यामुळे वरच्या भागात जोर जास्त लावावा लागे. पॅडवर किती बोटे आहेत किंवा कोणत्या कोपऱ्यात दाबले यावरून डावे-उजवे ठरवण्याचे काम आता सॉफ्टवेअरकडे गेले, दोन बोटे म्हणजे राइट क्लिक, आणि इतर कंपन्यांनीही हीच वाट धरली. माझ्या मते इथे दिसायला सुबकपणा आला, पण हाताला लागणारी खूण गेली.

परवा माझ्या मावशीला लॅपटॉप शिकवताना हे जवळून पाहिले. साध्या क्लिकलाही तिच्यापुढे पुन्हा पुन्हा मेनू उघडत होता, आणि “माझंच काहीतरी चुकतंय” असे ती म्हणत राहिली. पाहिले तर तिच्या डाव्या हाताचा अंगठा पॅडच्या कडेवर नकळत टेकलेला होता. यंत्राने दोन बोटे मोजली आणि तो राइट क्लिक मानला. सेटिंग्जमध्ये जाऊन दोन बोटांऐवजी उजव्या खालच्या कोपऱ्याचा पर्याय निवडला, विंडोजवर शिफ्ट आणि एफ१० दाबूनही तोच मेनू उघडतो हे दाखवले, आणि तिचे काम सुरळीत सुरू झाले.