वस्तुवापर टिपणारे बिनतारी सेन्सर

रोजच्या वापरातली वस्तू कोणी उघडली, उचलली, हलवली किंवा तिच्यावर कोणी बसले, की तेवढी खबर तार न जोडता दूरवर पोचवणारी छोटी उपकरणे. दाराची चौकट, औषधाची बाटली, खुर्ची, किटली, नळ, खण अशा कशावरही ती चिकटवता येतात. माणसावर कॅमेरा रोखण्याऐवजी वस्तूंवर लक्ष ठेवायचे आणि त्यांच्या हालचालींवरून माणसाच्या दिनक्रमाचा अदमास घ्यायचा, ही यामागची कल्पना. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची काळजी, औषधे वेळेवर घेतली जातात का याची पाहणी आणि घरातल्या वर्तनाचे संशोधन ही त्यांची मुख्य क्षेत्रे.

सर्वांत साधा आणि अजूनही सर्वांत भरवशाचा प्रकार दारावरचा. काचेच्या बारीक नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पात्या बसवलेल्या असतात; त्यांची टोके एकमेकांवर आलेली, पण न टेकलेली. चुंबक जवळ आला की टोके चिकटतात आणि विजेचे मंडल पूर्ण होते. याला रीड स्विच म्हणतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी तो १९३६ मध्ये शोधला. नळी चौकटीवर आणि चुंबक दारावर बसवला, की दार उघडताच पात्या सुटतात. मात्र चिकटताना त्या क्षणभर थरथरतात, आणि दार एकदाच लावलेले असूनही चार-पाच नोंदी होऊ शकतात. त्यामुळे पहिल्या बदलानंतरचे काही मिलिसेकंद चिपने काणाडोळा करावा, अशी सोय आज्ञावलीतच केलेली असते.

हातात घेऊन वापरायच्या वस्तूंसाठी ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हालचाल मोजणारा सेन्सर, लागतो. त्याच्या सिलिकॉन चिपमध्ये सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेले वस्तुमान असते. धक्का बसला की ते सरकते आणि शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युत धारकता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, बदलते. गादी-खुर्चीखाली दाबाच्या पट्ट्या घालतात, तर विजेच्या उपकरणांसाठी तारेतला प्रवाह मोजला तरी भागते. आरएफआयडी टॅग म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणारी ओळखचिठ्ठी; तिच्या साध्या प्रकाराला बॅटरीच लागत नाही. वाचक यंत्राच्या लहरींतून मिळणाऱ्या ऊर्जेवरच हा टॅग उत्तर देतो. पाणी आणि धातू यांच्याशी मात्र त्याचे जमत नाही. पाण्याच्या बाटलीवरचा किंवा हाताने झाकला गेलेला टॅग वाचकाला नीट ‘दिसत’ नाही. संशोधकांनी या दोषाचाच उपयोग करून घेतला: टॅगचा संकेत कसा बदलतो यावरून वस्तूला हात लागला, ती फिरवली की सरकवली, हे ओळखण्याच्या पद्धती त्यांनी बसवल्या.

या उपकरणांची खरी मर्यादा बॅटरी. नेहमीचा सीआर२०३२ हा बटन सेल ३ व्होल्टचा, क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. सेन्सरने सरासरी १० मायक्रोअँपिअर प्रवाह घेतला, तर हिशेबाने २२,००० तास, म्हणजे अडीच वर्षे निघतात. त्यासाठी चिपला जवळजवळ सर्व वेळ झोपवून ठेवावे लागते. वस्तू हलली की ती जागी होते, काही मिलिसेकंदांत संदेश पाठवते आणि पुन्हा झोपते. यात एक मेख आहे. सेन्सर गप्प आहे याचा अर्थ वस्तूला कोणी हात लावला नाही, की सेल संपला? म्हणून मधूनमधून नुसती ‘मी चालू आहे’ एवढी खूण पाठवावी लागते. क्वचितच वापरल्या जाणाऱ्या वस्तूवर तर खऱ्या बातमीपेक्षा या हजेरीवरच जास्त सेल खर्च होतो. काही बिनतारी बटनांनी हा प्रश्न मुळातच सोडवला आहे: बोटाने दाबण्याच्या कष्टातूनच वीज निर्माण करून ती संदेश धाडतात. संदेशवहनासाठी आयईईई ८०२.१५.४ हे कमी विजेवरच्या बिनतारी संदेशांचे २००३ चे मानक आणि २०१० मध्ये ब्लूटूथ ४.० बरोबर आलेला कमी ऊर्जेचा ब्लूटूथ हे प्रकार रूढ आहेत.

संगणक वस्तूंमध्ये विरून जावा, हा विचार झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातील मार्क वायझर यांनी १९९१ च्या लेखात मांडला. जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये वृद्धांसाठी अशी विजेची किटली आणली, जी वापरली जात असल्याची खबर नातेवाइकांना मिळे. सकाळचा चहा झाला की नाही एवढेच कळायचे, पण दूर राहणाऱ्या मुलांना तेवढेही पुष्कळ असते.

अर्थ लावण्याचे काम मात्र अवघड. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी एकट्या राहणाऱ्या दोन व्यक्तींच्या घरांत अनुक्रमे ७७ आणि ८४ सेन्सर दोन आठवडे बसवले होते. स्नान, शौच, आवरणे यांसारख्या क्रिया ओळखण्याची अचूकता कोणत्या निकषाने मोजावी यावर अवलंबून २५ ते ८९ टक्के आली. एवढी तफावत पडण्याचे आश्चर्य वाटू नये. सेन्सरला कळते ते इतकेच की फडताळ उघडले. कशासाठी, हे त्याला ठाऊक नसते. घरात दुसरे माणूस आले की कोणी उघडले हाही प्रश्न उभा राहतो. औषधांच्या बाबतीत ही फट विशेष जाणवते. झाकणात स्विच असलेली बाटली उघडल्याची वेळ बिनचूक नोंदवते, पण गोळी पोटात गेली का, हे सांगू शकत नाही. एकदाच झाकण उघडून दोन दिवसांच्या गोळ्या डबीत काढून ठेवणारा रुग्ण तर नोंदवहीत औषध चुकवणारा ठरतो.

कॅमेरा नाही म्हणजे खासगीपणा शाबूत, असा समज आहे. तो अपुरा आहे. संदेश सांकेतिक केला तरी तो कधी निघाला हे बाहेरच्याला ऐकू येते, आणि प्रत्येक सेन्सरच्या रेडिओ लहरींची ठेवण थोडी वेगळी असते. एवढ्या दोन गोष्टींवरून घरात झोप, स्नान, स्वयंपाक केव्हा चालतो याचा अंदाज बांधता येतो, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. संदेश मुद्दाम उशिरा सोडणे किंवा मधूनमधून खोटे संदेश पेरणे हे त्यावरचे उपाय. पहिल्यात खबर शिळी होते, दुसऱ्यात सेल लवकर संपतो.