दोन डायोड आणि एक मुलायम सूर

जुनं टीएस-८०८ ट्यूब स्क्रीमर, म्हणजे गिटारचा स्वर मुद्दाम थोडा फाडणारं ओव्हरड्राइव्ह पेडल, विकायला निघालं की जाहिरातीची पहिली ओळ चिपची असते. आत 'जेआरसी ४५५८' आहे असं लिहायचं, चिपचा जवळून काढलेला फोटो लावायचा, की किंमत चढलीच. हीच चिप सुटी घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत गेलात तर वडापावच्या पैशांत मिळते. पहिलं ओव्हरड्राइव्ह पेडल घ्यायला निघालेली कॉलेजातली पोरंही हल्ली दुकानदाराला आधी चिपचा नंबर विचारतात. सूर मुलायम ज्या गोष्टींमुळे होतो त्या विचारायच्या राहून जातात, आणि त्या गोष्टी इतक्या सुंदर आहेत की त्यांच्यावर कोणीतरी सविस्तर लिहायलाच हवं.

गिटारच्या पिकअपमधून (तारेचा कंप विजेत बदलणारा भाग) येणारा सिग्नल साधारण व्होल्टच्या एक-दोन दशांशाइतका असतो. अ‍ॅम्पने तो खूप वाढवायला घेतला आणि अ‍ॅम्पची स्वतःची मर्यादा मध्येच आली, तर लहरीचा माथा दबतो. १९५०च्या दशकातल्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) अ‍ॅम्पवर आवाजाचा नॉब शेवटपर्यंत फिरवला की हे आपोआप व्हायचं आणि वादकांना त्याची गोडी लागली. व्हॉल्व्ह लहरीला एकदम अडवत नाही, मर्यादा जवळ येईल तसा आखडत जातो. पण तसा अ‍ॅम्प घरात पूर्ण आवाजावर कोण वाजवू देणार? तोच परिणाम पायाखालच्या डबीतून, कमी आवाजात मिळावा म्हणून ही पेडलं निघाली. बॉसचं ओडी-१ १९७७ सालचं. आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर त्यानंतर दोनेक वर्षांत आलं, त्याचं सर्किट निशिन या जपानी कंपनीतल्या सुसुमु तामुरा यांनी बेतलेलं. पुढे टेक्ससचा गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन याच्या पायाखाली ते दिसलं आणि हिरवी डबी जगभर गेली.

माथा दबल्यावर नवं काय तयार होतं, ते अकरावीच्या त्रिकोणमितीत आहे. साइनचा घन उलगडला की एक साधा साइन आणि एक तिप्पट कोनाचा साइन हाती येतो. वर्ग उलगडला तर दुप्पट कोन येतो. सर्किटने लहर नुसती वाढवली तर वारंवारता बदलत नाही. पण तिला वाकवलं, की आउटपुटमध्ये मूळ लहरीचे वर्ग, घन, पाचवे घात मिसळतात आणि दुप्पट, तिप्पट, पाचपट वारंवारतेचे स्वर, म्हणजे अधिस्वर, जन्माला येतात. तारेतून न आलेले स्वर! वरची आणि खालची बाजू सारखीच दाबली तर फक्त विषम पटी मिळतात. मूळ स्वर मध्य सप्तकातला षड्ज धरा. तिपटीला तार सप्तकातला पंचम आला, पाचपटीला अतितारातला गंधार, सातपटीला कोमल निषादाच्या जवळचा पण त्याहून थोडा उतरलेला स्वर. दोन बाजू वेगवेगळ्या दाबल्या, तर सम पटीही येतात आणि त्यांतली पहिलीच म्हणजे तार षड्ज. ओडी-१ मध्ये आणि १९८१च्या एसडी-१ मध्ये मुद्दाम तसंच केलंय: एका बाजूला एक डायोड (करंटला एकाच दिशेने वाट देणारा भाग), दुसऱ्या बाजूला दोन.

आपल्याकडे याच तत्त्वावर जवारी चालते. तंबोऱ्याची घोडी सपाट-गोलसर असते, तार कंप पावताना तिला पुन्हा पुन्हा टेकते आणि छेडण्याच्या जागेमुळे जे अधिस्वर उमटायलाच नकोत तेही उमटतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं होतं. मिरजेचा कारागीर घोडी घासतो तेव्हा तो अधिस्वरांचं प्रमाणच ठरवत असतो.

तर अधिस्वर हवेतच. कानाला टोचतात ते फार वरचे, पंधरावे-विसावे. ते किती जोरात येतील हे लहरीच्या कोपऱ्यावर ठरतं. कोपरा तीक्ष्ण असेल तर वरचे अधिस्वर सावकाश विरतात आणि आवाज चरचरतो. कोपरा गोल असेल तर ते भराभर क्षीण होतात. मुलायमपणाचा अर्धा हिशोब या कोपऱ्यात आहे.

आता ट्यूब स्क्रीमरच्या पोटात जाऊ. इथे थोडं सावकाश वाचा.

ऑप-अ‍ॅम्प नावाच्या चिपचा एकच नियम असतो: आपल्या दोन इनपुटांमधला फरक शून्य राहील असं आउटपुट देत राहायचं. अधिक चिन्हाच्या इनपुटवर गिटारचा सिग्नल येतो, समजा ०.१ व्होल्ट. वजा चिन्हाचं इनपुट एका ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून (आणि एका कपॅसिटरमधून, त्याच्याकडे नंतर येऊ) ग्राउंडला गेलेलं असतं. तिथेही ०.१ व्होल्ट हवेत, म्हणजे त्या रेझिस्टरमधून सुमारे २१ मायक्रोअँपिअर करंट वाहायला हवा. तो येणार कुठून? आउटपुटकडून, परतीच्या वाटेने. परतीच्या वाटेवर ५१ किलोओहमचा रेझिस्टर आणि ५०० किलोओहमचा 'ड्राइव्ह' नॉब आहे. नॉब पूर्ण उघडला की एकूण ५५१ किलोओहम. तेवढ्यातून २१ मायक्रोअँपिअर ढकलायला पावणेबारा व्होल्ट लागतात. म्हणजे वाढ सुमारे ११८ पट, आणि बॅटरी तर ९ व्होल्टची.

पण ती वेळ येतच नाही, कारण त्याच परतीच्या वाटेवर दोन सिलिकॉन डायोड एकमेकांना समांतर पण उलट दिशांनी जोडलेत. त्यांच्यावरचं विभवांतर अर्ध्या व्होल्टच्या आसपास गेलं की ते करंटला वाट देतात. २१ मायक्रोअँपिअर तिथून निघून जातो आणि आउटपुट तिथेच थबकतं. किती? डायोडवरचा अर्धा व्होल्ट, अधिक मूळचा ०.१ व्होल्ट. हा 'अधिक मूळचा' भाग मला या सर्किटमध्ये सगळ्यात जास्त आवडतो. आउटपुट ही नेहमी दोन गोष्टींची बेरीज असते: डायोडने दाबलेली लहर आणि तिच्यावर बसलेली गिटारची अस्पर्श लहर. डायोड कितीही उघडले तरी वाढ एक पटीच्या खाली जाऊ शकत नाही. त्यामुळे माथा कधीच सपाट होत नाही, त्याचा मूळ उंचवटा शाबूत राहतो. तार हळू छेडली की जोरात, हा फरक ऐकणाऱ्यापर्यंत पोचतो.

आणि डायोडचा स्वतःचा कोपराही गोलच असतो. त्यातला करंट दहापट करायचा तर विभवांतर जेमतेम ०.१ व्होल्टने वाढतं. म्हणजे विभवांतर करंटच्या लॉगॅरिदमप्रमाणे चालतं आणि लॉगॅरिदमच्या आलेखाला कुठेही टोक नसतं. शिवाय २१ मायक्रोअँपिअर हा डायोडसाठी अगदी किरकोळ करंट आहे. तो पूर्ण उघडत नाही, नुसता किलकिला होतो.

याउलट १९७०च्या दशकातलंच रॅट हे पेडल घ्या. त्यात डायोड परतीच्या वाटेवर नसून चिपच्या पुढे, आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये आहेत. चिप आधी लहर कित्येक व्होल्टपर्यंत फुगवते, मग ती १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून डायोडवर आपटते. करंट काही मिलिअँपिअर, म्हणजे शंभरपटीहून जास्त. मूळ लहर वर बसवायची सोय नाही. माथा जवळजवळ सपाट, कोपरा कडक. तो आवाज वाईट मुळीच नाही, रांगड्या रिफला तोच लागतो, पण मुलायम सुराच्या शोधात असाल तर तो तुमचा रस्ता नाही.

आता तो कपॅसिटर. ४.७ किलोओहमसोबत ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडलाय, आणि या जोडीची वारंवारता येते ७२० हर्ट्झ. त्याखालच्या स्वरांना कपॅसिटरचा अडथळा वाढत जातो आणि त्यांची वाढ कमी होते. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची. ड्राइव्ह पूर्ण ठेवूनही तिचा मूळ स्वर १३ पटींच्या आसपासच वाढतो, तर २००० हर्ट्झचा अधिस्वर शंभर पटींच्या वर. खर्ज असा उपाशी का ठेवला? कारण जाड तारेची लहर मोठी असते. ती माथ्याला टेकली की सर्किट तेवढ्या वेळापुरतं दबलेलं असतं, आणि तिच्यावर स्वार झालेले बारीक तारांचे स्वरही त्या वेळात दबतात. सेकंदाला दीडशेहून जास्त वेळा ते असे तुटतात. आवाज गढूळ होतो तो यामुळे. दाबण्याआधीच खर्ज कमी केला तर बारीक तारा मोकळ्या राहतात. मुलायमपणाचा उरलेला बराचसा हिशोब हा.

लहरीच्या दोन बाजू वेगवेगळ्या दाबल्या जात असतील, तर दोन स्वर एकत्र दाबले की त्यांच्या वजाबाकीचाही स्वर तयार होतो, हेही याच वाकण्याचं फळ. २२० हर्ट्झचा ए आणि त्याचा पंचम, म्हणजे ३२९.६ हर्ट्झ, एकत्र छेडा. फरक १०९.६, जवळजवळ बरोबर एक सप्तक खालचा ए. सूर भरून येतो. आता त्याच ए बरोबर गिटारच्या पडद्यांवरचा शुद्ध गंधार घ्या, २७७.२ हर्ट्झ. फरक ५७.२. खरा ए असतो ५५चा, म्हणजे हा वजाबाकीचा स्वर चक्क अर्ध्या स्वराच्या दोन-तृतीयांशाने चढलेला. ओव्हरड्राइव्हवर पूर्ण मेजर कॉर्ड किरकिरते आणि पंचमाची पॉवर कॉर्ड भरदार लागते, त्याचं एक कारण हे. समान अंतरांच्या पडद्यांचा गंधार मुळातच थोडा चढा असतो, पेडल ती चूक मोठी करून दाखवतं.

दाबून झाल्यावर आणखी एक चाळणी आहे, १ किलोओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरडची. तीही ७२० हर्ट्झच्याच आसपास, फक्त ही वरचे स्वर उतरवते. आधी खालचे कमी, नंतर वरचे कमी, म्हणून मधला पट्टा पुढे येतो. ट्यूब स्क्रीमरचा तो ओळखू येणारा 'मिड' तो हाच.

मग चिपचं काय? ४५५८ला साधारण मायक्रोसेकंदाला एक व्होल्ट इतक्या वेगाने आउटपुट हलवता येतं. ०.१ व्होल्टचा १००० हर्ट्झचा स्वर पूर्ण ड्राइव्हवर तिच्याकडून मायक्रोसेकंदाला फार तर ०.०७४ व्होल्टचा वेग मागतो. तिची वारंवारतेची क्षमता ३ मेगाहर्ट्झ, ती ११८ने भागली तरी २५ किलोहर्ट्झ उरतात, आपल्या कानाच्या पलीकडे. चिपवर ताणच येत नसेल तर तिचा स्वभाव आवाजात उतरणार कसा? रॅटमध्ये गोष्ट वेगळी, तिथली एलएम३०८ चिप खरोखर संथ आहे, तिला झेपेल त्याहून जास्त काम दिलंय आणि तो संथपणा ऐकू येतो. ट्यूब स्क्रीमरमध्ये मात्र चिपच्या नावावर हजारो रुपये मोजणं याला मी अंधश्रद्धाच म्हणेन. टीएस-८०८ आणि १९८२च्या टीएस-९ या दोघांत सर्किटचा फरक आहे तो शेवटच्या दोन रेझिस्टरांचा, तेही लहर दाबून झाल्यानंतरचे.

जर्मेनियम डायोडांभोवतीही असंच वलय आहे. ते सिलिकॉनच्या निम्म्या विभवांतराला उघडतात आणि त्यांचा कोपरा अधिक गोल असतो, एवढं खरं. बिल फिनेगन यांच्या १९९४च्या क्लॉन सेंटॉर या पेडलमध्ये ते आहेत आणि तिथे गोडवा येतो त्यात दाबलेल्या सिग्नलबरोबर स्वच्छ सिग्नल मिसळण्याचा मोठा वाटा आहे. जुनं क्लॉन हजारो डॉलरला जातं. फिनेगन यांनी नंतरच्या आपल्या केटीआर पेडलवर छापूनच टाकलं, की हा हास्यास्पद गाजावाजा आपण केलेला नाही.

दुकानात गेल्यावर काय करायचं? पेडल चालू आणि बंद असताना आवाजाची पातळी आधी कानाने सारखी करून घ्या. जो आवाज थोडा मोठा तोच आपल्याला चांगला वाटतो, आणि अर्ध्या खरेद्या याच फसगतीतून होतात. मित्राला बटण दाबायला सांगून डोळे मिटून ऐकलंत तर उत्तम. ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त ठेवा, अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा असेल तर त्यालाच थोडं दाबायचं काम करू द्या. जाड तार आणि बारीक तार एकत्र वाजवून बारीक तार तुटते का ते ऐका. मग गिटारचा व्हॉल्यूम नॉब निम्म्यावर आणा. चांगल्या पेडलमध्ये दाब सरतो आणि स्वर स्वच्छ होतो. खर्ज हवाच असेल, एकटेच वाजवत असाल, तर ट्यूब स्क्रीमरच्या घराण्यातलं पेडल पातळ वाटेल, मार्शलच्या ब्लूजब्रेकर घराण्यातलं बघा, त्यात आधीची काटछाट सौम्य आहे. बँडमध्ये बास गिटार असेल तर ट्यूब स्क्रीमर किंवा एसडी-१ पुरेसं, आणि एसडी-१ खिशालाही परवडतं.

बरेच जण घरी पेडल थेट ऑडिओ इंटरफेसला जोडून हेडफोनवर ऐकतात आणि चरचरतं म्हणून परत करतात. गिटारच्या अ‍ॅम्पचा १२ इंची स्पीकर ५००० हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, आणि ही सगळी पेडलं तो स्पीकर पुढे आहे असं धरूनच बेतलेली आहेत. हेडफोनला ती मर्यादा नाही. संगणकात स्पीकर कॅबिनेटचं सिम्युलेशन चालू करा आणि मगच पेडल ठेवायचं की परत द्यायचं ते ठरवा.