प्रॉपचे बूट, विंगरचे बूट आणि सोलापूरची काळी माती

रग्बीच्या बुटांचा इतिहास खिळ्यांपासून सुरू होतो. इंग्लंडमधल्या रग्बी गावच्या शाळेत समोरच्याच्या नडगीवर लाथ घालणं हा खेळाचाच भाग होता. 1845 साली शाळेने नियम लिहून काढले, तेव्हा बुटांच्या तळाला बाहेर आलेले खिळे आणि लोखंडी पट्ट्या यांना मनाई करावी लागली, यावरूनच काय चालत असेल ते कळतं. 1871 मध्ये रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली आणि लाथाही बंद झाल्या. पुढे कित्येक वर्षं सगळ्यांचे बूट एकच: घोट्याच्या वर येणारे, जाड चामड्याचे, तळाला चामड्याचेच स्टड, म्हणजे जमिनीत रुतणारी बोंडं, खिळ्यांनी ठोकलेले. पावसात भिजले की पाय उचलवत नसे.

पिरगाळून बसवायचे स्टड गाजले ते फुटबॉलमध्ये, 1954 च्या विश्वचषकात. ओल्या मैदानावर लांब स्टड, कोरड्यावर आखूड, हे मग शक्य झालं. रग्बीने ती सोय उचलली. 1995 मध्ये खेळ व्यावसायिक झाला आणि संघात खेळायच्या जागेप्रमाणे बूट निवडणं ही खेळाडूच्या कामाचीच बाब बनली.

ही निवड ठरते स्क्रममध्ये. दोन्हीकडचे आठ-आठ फॉरवर्ड, म्हणजे पुढचे रेटणारे खेळाडू, खांद्याला खांदा लावून एकमेकांना भिडतात, तेव्हा आंतरराष्ट्रीय पुरुष संघाचा एका बाजूचा धक्का दीड टनाच्या वर मोजला गेला आहे. तो सगळा भार शेवटी स्टडच्या टोकांवरून जमिनीत उतरतो. म्हणून पहिल्या फळीतले दोन प्रॉप आणि मागून रेटणारे लॉक आठ धातूचे स्टड, रुंद तळ आणि टणक पुढचा भाग पसंत करतात. पाय घसरला तर नुसती जागा जात नाही, मानेवर बेततं. दोन प्रॉपच्या मधल्या हुकरला रेटायचंही असतं आणि पायाने चेंडू मागे ओढायचाही असतो, त्यामुळे त्याला पुढून थोडा लवचीक बूट लागतो. स्क्रमच्या कडेचे फ्लँकर आणि सगळ्यांत मागचा नंबर एट रेटून लगेच धावत सुटतात, ते मधला मार्ग काढतात. स्क्रमबाहेर राहून पळणारे विंगर आणि फुलबॅक यांना हलका, घोट्याखाली संपणारा, साच्यातून काढलेल्या रबरी किंवा प्लॅस्टिकच्या स्टडचा बूट पुरतो. संघाचा खेळ चालवणाऱ्या फ्लाय-हाफचं लक्ष बुटाच्या वरच्या बाजूवर, कारण बहुधा किक त्याच्याकडे असते. इंग्लंडचा फ्लाय-हाफ जॉनी विल्किन्सन फुटबॉलसाठी बनलेले आदिदासचे प्रेडेटर घालायचा. अलीकडे बरेच फॉरवर्डही हलक्या बुटांकडे वळले आहेत, तरी प्रॉपच्या तळाखालचे आठ स्टड टिकून आहेत.

नियमाप्रमाणे स्टड 21 मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. पंच सामन्याआधी तळावरून हात फिरवतात तो धारेसाठी. ॲल्युमिनियमचा स्टड घालून सिमेंटवरून मैदानापर्यंत चालत गेलं, की त्याची कड घासून पात्यासारखी होते आणि खाली पडलेल्याच्या कानाला किंवा पाठीला चिरा पडतात.

सोलापुरात नवी पेठेत बूट घ्यायला जाणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या पालकांनी नेमकं हे ध्यानात ठेवायला हवं. टीव्हीवरच्या प्रॉपचे आठ धातूचे स्टड इंग्लंड-न्यूझीलंडच्या मऊ, ओल्या हिरवळीसाठी आहेत. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते. स्टड आत शिरतच नाही, मुलगा स्टडच्या टोकांवर उभा राहतो, टाच दुखते, घोटा मुरगळतो. पाऊस झाला की तीच माती स्टडच्या मधे चिकटून तळाला थर बसतो आणि स्टड असून नसल्यासारखे होतात.

शिवाय आपल्याकडची बरीचशी मुलं खेळतात ते सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांचं रग्बी. 1883 मध्ये स्कॉटलंडच्या मेलरोझमध्ये सुरू झालेला हा प्रकार 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आला. त्यात स्क्रम तिघांचा, सामन्याचा प्रत्येक अर्धा भाग सात मिनिटांचा, आणि प्रॉपलाही विंगरइतकंच पळावं लागतं. जागेप्रमाणे बूट वेगळे करण्याचं मूळ कारणच इथे उरत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे: सोलापुरातल्या मुलाने, तो कुठल्याही जागी खेळत असो, साच्यातून काढलेल्या आखूड आणि भरपूर स्टडचे, घोट्याला घट्ट बसणारे बूट घ्यावेत. पंधरा जणांच्या संघात प्रॉप म्हणून निवड झाली आणि पावसाळ्यात हिरवळीवर खेळायचं ठरलं, तर धातूच्या स्टडची दुसरी जोडी तेव्हा बघावी.