पाकातलं चॉकलेट : नागपूरच्या घरगुती सिरपमागची गोष्ट

मे महिन्यात चॉकलेटची वडी खिशात घालून धरमपेठेतून महालपर्यंत जाऊन दाखवा. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि नागपूरचा पारा त्या दिवसांत ४५ ला टेकलेला असतो. घरी पोचेपर्यंत हाताला लागतो तो चांदीच्या कागदातला चिखल. त्यामुळे माझ्या लहानपणी उन्हाळ्यातलं चॉकलेट म्हणजे वडी नव्हतीच. ते दुधात असायचं, बर्फाच्या गोळ्यावर असायचं, नाहीतर दिनशॉज या नागपूरच्याच कंपनीच्या व्हॅनिला आइस्क्रीमवर चमच्याने ओतलेलं असायचं. आणि ते घरीच केलेलं असायचं, सरबताच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत भरून ठेवलेलं.

हल्ली घरच्या चॉकलेट सिरपकडे 'बाजारातल्या बाटलीची स्वस्त नक्कल' म्हणून पाहिलं जातं. मला हे पटत नाही. या पदार्थाचा इतिहास पाहिला तर क्रम उलटाच दिसतो. घोटून, उकळून, प्यायचं चॉकलेट आधीचं; वडी आणि कारखान्यातली बाटली फार नंतरची.

कोकोचं झाड मूळ अमेरिका खंडातलं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या माया आणि अ‍ॅझ्टेक लोकांकडे कोकोच्या बिया भाजून, पाट्यावर वाटून त्याचं पेय करत. ते कडू असायचं, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून त्याला फेस आणत. त्यात मिरची घालत, व्हॅनिलाच्या शेंगा घालत, सुवासिक फुलं घालत. म्हणजे स्वाद घातलेलं चॉकलेट ही काही आजची टूम नव्हे, चॉकलेट पहिल्यापासून स्वाद घालूनच प्यायलं गेलं. साखर त्यात नव्हती. ती सोळाव्या शतकात कोको स्पेनला पोचल्यावर मिसळली. यानंतरही जवळपास तीनशे वर्षं युरोपात चॉकलेट म्हणजे प्रामुख्याने पेयच होतं. खाण्याची वडी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८४७ साली काढली. हजारो वर्षांच्या हिशेबात वडीचं वय पावणेदोनशे वर्षांचं.

घरगुती सिरपच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं साल १८२८. त्या वर्षी हॉलंडमधल्या व्हॅन हाउटेन घराण्याने दाबयंत्राचं पेटंट घेतलं. कोकोच्या बीत निम्म्याहून अधिक तूप, म्हणजे कोकोचं लोणी, असतं. ते पाण्यात मिसळत नाही, वर तवंग होऊन तरंगतं. यंत्राने दाबून त्यातलं बरंचसं तूप काढून टाकलं आणि उरलेल्या पेंडीची पूड केली. हीच आपली कोको पावडर. याच घराण्याने पुडीवर क्षाराची प्रक्रिया करून तिचा आंबटपणा कमी केला आणि रंग गडद केला. अजूनही त्या पुडीला 'डच' कोको म्हणतात. स्वस्तात, घरच्या शेगडीवर चॉकलेट करता येणं शक्य झालं ते या पेंडीमुळे. महागडं तूप वडीकडे गेलं, चव पुडीत राहिली.

दुसरी बाजू साखरेची, आणि ती आपल्या घरची आहे. उसाच्या रसापासून खडे पाडण्याची विद्या भारतातली. 'शर्करा' हा शब्द फारसीत शकर, अरबीत सुक्कर होत युरोपभर गेला; 'खंड' कंद होत जाऊन कॅंडी झाला. आणि 'सिरप' या शब्दाची गंमत तर फार गोड आहे. अरबीत 'पिणे' या अर्थाचा जो धातू आहे त्याच्यापासून शराब आणि शरबत हे शब्द झाले. शराब युरोपात जाऊन सिरप झाला, शरबत मराठीत येऊन सरबत. दोघं सख्खे भाऊ. त्यामुळे विदर्भातली बाई उन्हाळ्याच्या तोंडावर वाळ्याचं सरबत करायला एकतारी पाक करते, तेव्हा ती सिरपच करत असते. कोको हा त्या जुन्या भांड्यात आलेला पाहुणा.

तो आधी आला औषधवाल्यांकडे. कडू औषध घशाखाली उतरावं म्हणून साखरेच्या पाकात देण्याची रीत अरबी वैद्यकातून युरोपात रुजली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतले औषधविक्रेते त्यासाठी कोकोचा पाक वापरायला लागले. त्यांच्याच दुकानांत सोड्याचे नळ असत, आणि हळूहळू तो पाक औषधातून सोड्यात, सोड्यातून आइस्क्रीमवर गेला. पुष्कळ दुकानदार पूड विकत आणून पाक स्वतः उकळत. हर्शी कंपनीचं तयार सिरप त्यानंतर आलं, १९२६ साली. आपल्याकडे युनानी हकिमांचीही शरबतं दवाखान्यातूनच घराघरांत गेली. दिल्लीत १९०६ साली हमदर्द दवाखाना काढणाऱ्या हकीम अब्दुल मजीद यांचं रूह अफजा त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं.

भारतात कोकोचा प्रवास सावकाश झाला. कॅडबरीने १९४८ साली इथे व्यवसाय सुरू केला, १९६५ पासून केरळात कोकोच्या लागवडीला हात घातला. पुण्यात १९५६ साली सुरू झालेल्या वीकफिल्डने कस्टर्ड पावडरसोबत कोकोचे डबेही मराठी स्वयंपाकघरांत पोचवले. कर्नाटकात सुपारी आणि कोको उत्पादकांची कॅम्पको ही सहकारी संस्था १९७३ साली उभी राहिली आणि १९८६ साली पुत्तूरला तिचा चॉकलेटचा कारखाना सुरू झाला.

नागपुरात याला लागून एक गोष्ट होती: चांगलं दूध आणि आइस्क्रीम. दिनशॉजची सुरुवात १९३२ सालची, दुधापासून. शहराला आइस्क्रीमची सवय जुनी आणि उन्हाळा मार्चपासून जूनपर्यंत लांबलेला. घरी पाहुणे आले की आइस्क्रीमचा डबा आणायचा आणि त्यावर घालायला काहीतरी घरचं करायचं, हे आमच्या मोहल्ल्यात सर्रास होतं. तयार सिरपची बाटली तेव्हा मी पाहिलेलीच नव्हती. ती दुकानाच्या फळीवर नियमित दिसायला लागली ती फार उशिरा, हर्शीने २००७ साली गोदरेजशी भागीदारी केल्यानंतरच्या काळात. तोवर घराघरांत आपापला पाक ठरलेला होता.

साखर मात्र जपून वापरायची वस्तू होती. रेशनची साखर महिनाभर पुरवायची, दिवाळीला जादा मिळाली तर त्यातली थोडी बाजूला काढून ठेवायची. म्हणूनच त्या काळच्या सिरपात कोको आणि साखर दोन्ही मोजून पडत. आमच्या शेजारच्या काकू, मूळच्या अमरावतीकडच्या, पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात, पाक करायच्या. मी पहिल्यांदा स्वतः सिरप केलं ते त्यांच्याकडून ऐकून, आणि काटकसर म्हणून साखर निम्मी केली. मे महिना होता, बाटली ओट्यावरच ठेवली. चौथ्या दिवशी बूच आपोआप उडालं. वर फेस, आंबूस वास, सगळं मोरीत ओतावं लागलं. काकू म्हणाल्या, "साखरेत हात आखडू नोको माय, बाटली फसफसते."

त्यांनी एका वाक्यात सांगितलं ते पाकाचं सगळं शास्त्र आहे. साखर पाण्याला धरून ठेवते. पाकात वजनाने ६५ टक्क्यांच्या आसपास साखर असली की बुरशीला आणि आंबवणाऱ्या यीस्टला वापरता येईल असं पाणी उरत नाही. साखर त्याहून बरीच कमी झाली की ते जगतात. त्याहून फार जास्त झाली की तळाशी खडे जमतात. एकतारी पाकाची परीक्षा करणाऱ्या बायका अंगठा आणि बोटामध्ये हेच मोजत होत्या. म्हणून पैसे वाचवायचे तर ते साखरेत नाही वाचवायचे. तशीही ती किलोला पन्नासच्या आत-बाहेर मिळते. खर्च असतो तो कोकोचा, आणि बाजारच्या बाटलीत तर बाटलीचा आणि नावाचा. अशी एखादी बाटली उलटी करून घटक वाचा. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात; साखर कुठल्या जागी आहे आणि कोको किती खाली आहे, ते लगेच कळतं.

माझं मूळ प्रमाण असं आहे: ४०० ग्रॅम साखर, ८० ग्रॅम कोको, २४० मिलिलिटर पाणी, चिमूटभर मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. यात साधारण अर्धा लिटर सिरप होतं. कोको कोरडा असतानाच साखरेत चोळून घ्यायचा. पुडीत अजूनही दहाबारा टक्के तरी तूप असतं, ती थेट पाण्यात टाकली तर गोळ्या होतात आणि कितीही ढवळलं तरी आत कोरडी पूड राहते. साखरेचे कण मध्ये आले की प्रत्येक कण सुटा राहतो. मग गरम पाणी थोडं थोडं घालत आधी भज्याच्या पिठासारखं सरसरीत करायचं, नंतर उरलेलं पाणी. मंद आचेवर उकळी आल्यावर चारपाच मिनिटं, ढवळणं न थांबवता. गंज मोठा घ्या, हे उतू जायला क्षणही लागत नाही. गॅसवर असताना ते पातळच वाटतं आणि नवखा माणूस घाबरून आटवत राहतो. थांबवा, गार झालं की दाट होतं. लिंबाचं काम चवीचं कमी आणि पाकाचं जास्त: आंबटपणामुळे साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो आणि मग खडे धरत नाहीत. चिरोट्याच्या पाकात आपण लिंबू पिळतो, ते याचसाठी.

बाटली उकळत्या पाण्यातून काढून कडकडीत वाळवायची. ओला चमचा लोणच्याच्या बरणीत चालत नाही, तसा इथेही नाही. आणि पाक बरोबर असला तरी नागपूरच्या उन्हाळ्यात बाटली फ्रिजमध्येच ठेवा.

दुकानात एक गफलत हमखास होते. ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा कोको समजून घरी येतो. त्यात मुळातच भरपूर साखर असते, त्याचं सिरप केलं तर गोड होतं, चॉकलेटचं होत नाही. पाकिटावर साखर नसलेली कोको पावडर असं पाहून घ्या. इतवारीत मस्कासाथच्या बाजूला केकचं सामान विकणाऱ्यांकडे ती मोठ्या पुड्यांतही मिळते. वास घेऊन पाहता आला तर पाहा. जुन्या पुडीला पुठ्ठ्यासारखा वास येतो.

स्वादांमध्ये व्हॅनिला इतका ठरून गेला आहे की तो आपण मोजतही नाही. पण त्याच्या इसेन्सची इवलीशी बाटली स्वस्त होण्यामागे तीन माणसांची तरी आठवण ठेवायला हवी. व्हॅनिलाचा वेल मेक्सिकोबाहेर वाढे पण त्याला शेंगा धरत नसत. १८४१ साली हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीच्या टोकाने फुलाचा पडदा उचलून, अंगठ्याने पराग दाबून परागीभवन करायची रीत शोधली. जगभर आजही व्हॅनिलाची फुलं हाताने अशीच फळवतात. त्या शेंगेचा सगळा व्यापार त्याच्या बोटांवर उभा राहिला, आणि तो स्वतः गरिबीत मेला. पुढे १८७४ साली जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी व्हॅनिलिन प्रयोगशाळेत तयार केलं. आपल्या ओट्यावरचा दहावीस मिलिलिटरचा इसेन्स बहुतेक वेळा याचाच असतो. तो गॅस बंद केल्यावर घालायचा, उकळीत वास उडून जातो.

पण नागपुरात राहून व्हॅनिलावर थांबायचं का? आपल्याकडे संत्रं आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आंबिया बहार नोव्हेंबर-डिसेंबरात उतरतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि कळमन्याच्या बाजारात ढीग लागतात. लहानपणी आम्ही सालीचा तुकडा दिव्याच्या ज्योतीजवळ दाबायचो. तडतड ठिणग्या उडायच्या. उडतं ते सालीतलं तेल. सिरपात हवं आहे तेच. रस घालायचा मोह टाळा, त्याने पाक पातळ होतो, लवकर बिघडतो आणि दुधात घातल्यावर दूध फाटण्याची भीती राहते. संत्रं कोमट पाण्याने चोळून धुवा आणि सोलायच्या आधीच किसा, कारण नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर ती किसणीवर टिकत नाही. फक्त नारिंगी भाग, पांढरा लागला की कडवटपणा उतरतो. गॅस बंद करून दोन संत्र्यांचा कीस घाला, झाकण ठेवा, दहा मिनिटांनी गाळा. वेलची, जायफळ, सुंठ, चमचाभर कॉफी, सगळं चालतं. मला मात्र संत्र्यासारखं दुसरं काही लागत नाही.

गेल्या काही वर्षांत या सगळ्याला नवी निकड आली. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथे हवामान आणि झाडांवरच्या रोगामुळे पीक बसलं आणि २०२४ साली कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्याही वर गेला. वड्या लहान झाल्या, काहींत कोकोच्या लोण्याऐवजी दुसरी वनस्पती तुपं वाढली. पूडही महागली. म्हणून मी आता ८० ग्रॅमच्या जागी ६५ ग्रॅम कोको घेते आणि कमी पडलेला कडवटपणा अर्धा चमचा कॉफीने भरून काढते. साखर आणि पाणी तेवढंच.

आमच्या गच्चीवर हिवाळ्यात संत्र्याच्या साली वाळत असतात. त्या दिवाळीच्या उटण्यासाठी कुटून ठेवायच्या असतात. आता धुतलेली पहिली दोन संत्री सोलण्याआधी स्वयंपाकघरात किसणीकडे जातात. उघडी पडलेली त्यांची पांढरी साल तेवढी उटण्याच्या ढिगात घ्यायला सासूबाईंनी साफ नकार दिला आहे.