पार्श्वभूमी : करार संपल्यावरचा फुटबॉलपटू

चेम्सफर्ड क्राउन कोर्टानं ५ जून २०२५ रोजी जे इमॅन्युएल-थॉमस या इंग्लिश फुटबॉलपटूला चार वर्षांची शिक्षा सुनावली. गुन्हा गांजाच्या तस्करीचा, माल ६० किलो, किंमत सुमारे ६ लाख पौंड. पुण्यात इंडियन सुपर लीग (आयएसएल) ही फुटबॉल स्पर्धा नेमानं पाहणाऱ्यांना हे नाव परकं नाही. २०२२-२३च्या हंगामात तो जमशेदपूर एफसीकडून खेळून गेला. अशा बातमीवर 'ड्रग्जनं आणखी एकाचं वाटोळं केलं' हा शेरा आपल्या तोंडी तयारच असतो. इथं मात्र तो चुकीच्या जागी लागतो. बचाव पक्षानं कोर्टात व्यसनाची सबब पुढे केली नव्हती. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की क्लबशी करार नव्हता आणि पैशाची चणचण होती.

सुरुवात तर दृष्ट लागावी अशी होती. लंडनच्या आर्सेनल क्लबच्या अकादमीत वाढलेला हा मुलगा २००९च्या एफए युथ कपमध्ये, म्हणजे इंग्लंडमधल्या युवा संघांच्या स्पर्धेत, संघाचा कर्णधार होता. प्रत्येक फेरीत त्यानं गोल केला आणि अंतिम फेरीत आर्सेनलनं लिव्हरपूलला दोन सामने मिळून ६-२ असं हरवलं. जॅक विल्शर त्याच संघातला. विल्शर पुढे इंग्लंडकडून खेळला. इमॅन्युएल-थॉमसच्या वाट्याला आर्सेनलच्या मुख्य संघात मोजकेच सामने आले. २०११मध्ये इप्सविच, मग ब्रिस्टल सिटी, क्वीन्स पार्क रेंजर्स, थायलंडमधला पीटीटी रयाँग, स्कॉटलंडमधले लिव्हिंगस्टन आणि ॲबरडीन, मग जमशेदपूर. ब्रिस्टल सिटीकडची दोन वर्षं चांगली गेली, नाही असं नाही. पण यादी वाचताना कळतं, की वय चढत होतं आणि करार आखूड होत होते.

सप्टेंबर २०२४मध्ये बँकॉकहून दुबईमार्गे लंडनच्या स्टॅनस्टेड विमानतळावर उतरलेल्या दोन महिलांच्या बॅगांमध्ये गांजा सापडला. त्यातली एक इमॅन्युएल-थॉमसची मैत्रीण, दुसरी तिची ओळखीची. आपण सोनं नेतोय असं त्यांना वाटत होतं. पुढे त्यांच्यावरचे आरोप मागे घेतले गेले. माल पाठवण्याची जुळवाजुळव यानं केली होती. त्या वेळी तो ग्रीनॉक मॉर्टन या स्कॉटिश क्लबचा खेळाडू होता, जुलैमध्येच रुजू झालेला. म्हणजे पकडला गेला तेव्हा हातात नोकरी होती, पण तोवर पाऊल पडून गेलं होतं. क्लबनं त्याला लगेच काढून टाकलं.

थायलंड का, याचं उत्तर कायद्यात आहे. जून २०२२मध्ये तिथं गांजा अमली पदार्थांच्या यादीतून निघाला. माल मुबलक आणि स्वस्त झाला, युरोपातला भाव मात्र तसाच राहिला. हा फरक खिशात घालायला टोळ्यांना हवे होते नेहमीच्या पोलिसी नजरेत न येणारे प्रवासी. मुंबई विमानतळावर सीमाशुल्क अधिकारी बँकॉकच्या विमानांतून येणारा 'हायड्रो', म्हणजे मातीविना पाण्यावर वाढवलेला हायड्रोपोनिक गांजा, वारंवार पकडतात, त्यामागचं गणितही हेच.

आता जुनी गोष्ट, जिच्यामुळे आपला शेरा तयार झाला. मॅराडोनाला कोकेनची ओळख बार्सिलोनात झाली. नेपल्समध्ये ते हाताहाताला मिळू लागलं. १९८७ आणि १९९०ची इटालियन लीग, १९८९चा युएफा कप जिंकून देणारा हा देव तिथल्या कामोरा या माफिया टोळीच्या मंडळींबरोबर फोटोंत दिसत होता. मार्च १९९१मध्ये बारीविरुद्धच्या सामन्यानंतरच्या चाचणीत कोकेन सापडलं आणि १५ महिन्यांची बंदी आली. १९९४च्या विश्वचषकात पुन्हा, या वेळी एफेड्रिन हे उत्तेजक.

पुण्याच्या अधिक जवळचं उदाहरण एड्रियन मुटूचं. रुमानियाच्या या स्ट्रायकरच्या शरीरात २००४मध्ये कोकेन सापडलं, चेल्सीनं त्याचा करार मोडला, सात महिन्यांची बंदी आली. नंतर चेल्सीला सुमारे १ कोटी ७० लाख युरो भरपाई द्यावी, असा आदेश निघाला आणि तो खटला वर्षानुवर्षं चालला. २०१०मध्ये सिब्युट्रामाइन या वजन घटवणाऱ्या, खेळात बंदी असलेल्या औषधापायी आणखी नऊ महिने गेले. आणि हाच मुटू २०१५मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, आयएसएलमधल्या एफसी पुणे सिटीचा मार्की, म्हणजे मुख्य आकर्षणाचा, खेळाडू म्हणून बालेवाडीत उतरला. मधल्या काळात तो युव्हेंटस आणि फिओरेंटिनाकडून खेळला होता. आर्सेनलच्या पॉल मर्सननं १९९४मध्ये दारू, जुगार आणि कोकेनची उघड कबुली दिली; उपचार झाले आणि १९९८च्या विश्वचषकात तो इंग्लंडच्या संघात होता. नशेत सापडलेल्या खेळाडूला खेळ शिक्षा करतो, बदनाम करतो, पण बऱ्याचदा दार किलकिलं ठेवतो.

धंद्यात शिरलेल्याचं तसं होत नाही. नेदरलँड्सकडून ५० आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला क्विन्सी प्रोमेस तर उपाशी नव्हता. अँटवर्प बंदरात २०२० साली आलेल्या १,३६३ किलो कोकेनच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२४मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा, म्हणजे २०२०मध्ये, तो आयाक्ससारख्या क्लबात खेळत होता. नातेवाइकावर चाकू चालवल्याच्या प्रकरणाची शिक्षा त्याहून वेगळी. म्हणजे निव्वळ गरिबीचंही हे प्रकरण नाही. त्याच्याबाबतीत कारण काय, हे मला आजही नीट उलगडत नाही. इमॅन्युएल-थॉमसचं निदान समजतं.

पुण्यात हे सगळं दूरदेशीचं वाटण्याचे दिवस सरले आहेत. ऑक्टोबर २०२३मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणातला आरोपी ललित पाटील ससून रुग्णालयातून पळाला. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यापासून दिल्लीपर्यंत धाग्याला धागा लावत साडेतीन हजार कोटींच्या घरातलं मेफेड्रोन हे रासायनिक अमली द्रव्य पकडलं. गल्लीत त्याला 'एमडी' म्हणतात. २०१५मध्ये ते एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं आणि ५० ग्रॅमपासून व्यावसायिक प्रमाण धरलं जातं. गांजासाठी ही मर्यादा २० किलो. ती ओलांडली की किमान दहा वर्षं सक्तमजुरी, आणि जामीनही मोठ्या मुश्किलीनं. इमॅन्युएल-थॉमसचे ६० किलो इथं सापडले असते तर चार वर्षांवर भागलं नसतं.

हाच कायदा सेवन करणाऱ्याकडे मात्र वेगळ्या नजरेनं पाहतो. स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी आरोपीला कलम ६४-अ खाली खटल्यातून सूट मिळू शकते. पुण्याला अशा केंद्राची ओळख नव्यानं करून द्यायला नको; गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) काळात, १९८६ साली, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी येरवड्यात मुक्तांगण सुरू केलं ते त्याच विचारानं. जागतिक डोपिंगविरोधी संहिताही २०२१पासून या वाटेवर आली आहे. कोकेन, हेरॉइन, एमडीएमए किंवा गांजा सामन्याबाहेर आणि खेळातल्या फायद्याशी संबंध नसताना घेतल्याचं सिद्ध झालं, तर बंदी तीन महिन्यांची. उपचार पूर्ण केले तर एका महिन्यावर येते. मेफेड्रोन मात्र त्या चौघांत नाही.

राहिला कराराचा प्रश्न, आणि त्यात पुण्याचा अनुभव फार आश्वासक नाही. २०१२-१३मध्ये आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत उपविजेता ठरलेला पुणे एफसी २०१५मध्ये बंद पडला. भारत एफसी एका हंगामातच आटोपला. डीएसके शिवाजियन्स गेलं. मुटूला आणणारा एफसी पुणे सिटी २०१९मध्ये गाशा गुंडाळून हैदराबादला गेला. खडकी-कॅम्पातल्या पोराला आज वरच्या पायरीचा क्लब गाठायचा तर गाव सोडावं लागतं. तिथंही भरवसा किती, ते २०२५च्या पावसाळ्यात दिसलं. भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि व्यावसायिक भागीदाराच्या कराराचा तिढा सुटेना म्हणून आयएसएलच रखडली, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. संघटना सांगतात की त्यांच्याकडे खेळाडूंसाठी प्रशिक्षण आहे, डोपिंगवर कार्यशाळा आहेत. पगार थांबलेल्या महिन्यांत घरखर्चाचं काय करायचं, यासाठीची कार्यशाळा अजून माझ्या ऐकण्यात नाही.